अर्थ

दामोदर तांडेलची पिकअप
माझ्या गॅरेजात आली की शहाण्यासारखी वागते.
कॉटन ग्रीनला, गोदामाच्या भिंतीला लागून उभी,
सुई साडेसातशेवर, हलायचं नाव नाही.
अश्फाकने बोनेटवर भरलेला कटिंग ठेवला.
थेंब सांडला नाही.

"नाटकी हाय गारी," दामोदर म्हणाला,
"रस्त्याला मिसिंग मारते,
उबळ आल्यावानी. तुज्यासमोर बग कशी गप."
आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बिलं काढली,
आजाऱ्याची फाइल काढावी तशी, तारखांसकट:
भांडुपला दोन इंजेक्टर,
माहुलला डिझेल फिल्टर, मग टाकी धुतली,
मग कुणीतरी पंप खोलून
होता तसाच परत बसवला. त्याचे अठराशे.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, काही नाही.
चालू इंजिनवर वायरी हलवून पाहिल्या,
कनेक्टर एकेक दाबला,
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला.
टक टक टक टक.
चौघेही हजर.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी
मला करसनभाई आठवले, घोडपदेवचे,
ज्यांच्याकडे मी पाने पुसत शिकलो.
म्हणायचे, काय होतं ते सगळेच विचारतात,
तू विचार, कधी होतं.

"कधी होतं, दामोदर?"
"सकालचाच."
"सकाळी म्हणजे?"
"म्हावरा भरला का."
"आणि येताना?"
"येताना काय व्हायचंय? रिकामीच तर असते."

पाच गॅरेजं फिरला, हे कुणाला बोलला नाही;
कुणी विचारलंच नव्हतं.
आणि दाखवायला आणायचा ती माल उतरवून,
हौदा धुऊन, पुसून,
मुलगी दाखवायला बसवतात तशी.

पहाटे साडेचारला ससून डॉकवर गेलो.
बत्तीस क्रेट, वर बर्फ, वर ताडपत्री.
मी क्लीनरच्या सीटवर, पायाशी पान्यांची पिशवी.
भाऊच्या धक्क्यापर्यंत काहीच नाही.
मला वाटलं, हीसुद्धा माझ्यासमोर लाजते.
रे रोडच्या पुलाचा चढ लागला
आणि ती थरथरली.
एकदा. मग थांबून दोनदा.
दामोदर आनंदाने ओरडला, "बग! बग!"
मी इंजिन ऐकत नव्हतो.
मी समोरच्या भिंतीवरचा उजेड बघत होतो:
दर आचक्याला
हेडलाइट डोळे मिचकावत होता.

पुलाखाली गाडी घेतली. पाठीवर झोपून आत शिरलो.
वरून थेंब पडत होते, खारट, गार,
एक ओठावर पडला म्हणून कळलं खारट.
हौद्याच्या फटीतून चासीवर,
चासीवरून ओघळत थेट तिथे
जिथे बॅटरीची काळी वायर बोल्टने आवळलेली असते.
लगवर हिरवा बुरा, बुरशीसारखा मऊ.
हाताने हलवला, हलला.
ओझ्याने चासी वाकायची, पाणी उतरायचं, दिवे खेचायचे,
आणि तो अर्धवट धरलेला हात सुटायचा.
रिकामी, सुकी, उजेडी गाडी
खरं बोलली नसती कधीच.

त्या वायरीला आम्ही अर्थ म्हणतो.
"अर्थ मिळत नाय," दिवसातून चारदा म्हणतो,
आणि चहा पितो.
त्या दिवशी मात्र, बर्फाच्या पाण्याखाली उताणा पडून,
तोंडातून तेच वाक्य निघालं
आणि मी जरा वेळ तसाच पडून राहिलो.
"काय रं, गावला का?" दामोदर वरून विचारत होता.

पॉलिश पेपरने घासला, लोखंड चमकेपर्यंत.
नवा लग, ग्रीस, वरून रबराचं फडकं बांधलं.
तीनशे चाळीस झाले.
त्याचा चेहरा पडला.
"एवराच?" म्हणाला,
जणू इतक्या दिवसांच्या त्रासाला
मी स्वस्तात काढलं होतं.

बारा दिवस झाले. रोज सहाच्या सुमाराला
मरोळहून त्याचा फोन येतो. नमस्कार वगैरे काही नाही,
मोबाइल नुसता बोनेटजवळ धरतो.
मी ब्रश तोंडात ठेवून ऐकतो.
अजून तरी ठीक.