अर्हताकारी सेवा

सिंचन भवनाच्या दुसऱ्या मजल्यावर, मॅडम,
तुमच्या टेबलाशी मी तिसऱ्यांदा बसलोय.
सेवापुस्तकाचं पहिलं पान तुम्ही बोटानं दाबून धरलंय,
पंख्यानं उलटू नये म्हणून.
तिथून मी सुरू होतो, म्हणता:
एक जून अठ्ठ्याऐंशी, मोजणीदार, मुठा उजवा कालवा.

त्याआधीही मी होतो.
सात वर्षं आणि वर काही महिने.
पूल बांधायचो आम्ही, रातोरात.
गाड्या पलीकडे गेल्या की तोच पूल उलगडून
परत ट्रकमध्ये.
त्यामुळे दाखवायला काही उरलेलं नाही.

खडकीचं रेकॉर्ड ऑफिस नदीपलीकडेच.
सायकलवर गेलो तर अर्धा तास.
तुमच्या कागदाला जाऊन यायला पाच महिने लागले,
आणि आला तेव्हा त्यांच्यात मी बिकोबा निघालो.
तुमच्यात भिकोबा.
एवढ्याशा हकाराचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं
शिवाजीनगर कोर्टाबाहेर, शंभराच्या मुद्रांकावर:
वरील दोन्ही इसम एकच आहेत.
सही करताना वाटलं, दुसऱ्यालाही विचारावं.
तो पंचविशीतला, पोटऱ्या दगडासारख्या.
त्याची काही हरकत नाही ना?

मग तुमचं पत्र.
फौज सोडताना घेतलेली उपदानाची रक्कम,
रुपये चार हजार तीनशे शहाऐंशी,
व्याजासह भरणा करावी,
तरच सदर सेवा हिशेबात धरता येईल.
त्या पैशांचे पत्रे आणले होते मी, चौदा,
दिवे गावातल्या घरावर, आईच्या अंथरुणावर गळायचं म्हणून.
आता भावाच्या गोठ्यावर आहेत. दोनांना भोकं.
बायकोनं पत्र दोनदा वाचायला लावलं.
म्हणाली, गेलेली वर्षं विकत मिळतात
हे आजच ऐकतेय. घ्या की मग.
आणि तिनंच ठेव मोडली, पतपेढीतली.
ही चलनाची पावती.

मी तीस वर्षं पाणी मोजलं, मॅडम.
पट्टीवर आकडा, वहीत आकडा.
वाटेत झिरपतं त्याला गळतीचा रकाना असतो,
तिथे सगळेच अंदाजानं भरतात. मीसुद्धा.
तुम्ही अंदाजानं नाही भरलंत.
एकोणीस दिवसांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढलात.
रजा संपूनही गैरहजर. कारण नमूद नाही.

कारण अंजीर.
मी निघायच्या आदल्या दिवशी खालची बाग पिकायला आली.
अंजीर थांबत नाही, आणि भाऊ एकटा.
पहाटे तीनला कंदील धरून तोडायचं,
पाटीत पानं अंथरून एकेक ठेवायचं,
दिवे घाट उतरून उजाडायच्या आत गुलटेकडीला.
येताना दोघं रिकाम्या पाटीवर बसून भेळ खायचो.
परत गेलो तेव्हा शिक्षा झाली, ती भोगली.
बोटांचा चीक मात्र आठवडाभर गेला नाही,
रायफलच्या दस्त्याला चिकटायचा.

माफीचा अर्ज केला तर तेही धरता येतील, म्हणता.
खर्च काही नाही, एक साधा कागद.
नको.
ते वजाच करा.
बाकीच्यावर सही कुठे, तेवढं दाखवा.