उणे वीस

कुमासीत दुपारचे अडीच. सहारातली धूळ
काचांवर बसलीय, सगळ्यांचे ओठ फुटलेत.
या शहरात हिवाळा नाही.
आहे तो माझ्या पेटीत, उणे वीस अंशांवर,
जनरेटर तो राखतो, खोकत खोकत.

दोन नंबरच्या थिएटरमधून वाडगा येतो.
ओल्या गॉझखाली गाठ, चिठ्ठीवर नाव:
आफ्रियी बोआटेमा, सव्वीस, डावा बीजांडकोश.
खाली सर्जनच्या अक्षरात एकच शब्द:
सगळं?

तिकडे तिचं पोट उघडं आहे.

डॉक्टर सेरवा गाठीवरून बोट फिरवतात,
केंकेचं पीठ आंबलंय का पाहावं तशा.
"इथून. आणि हे इथून."
जेलच्या थेंबात मी तुकडा बसवतो,
तो कडेकडून पांढरा होत जातो.

मग पातं. पाच मायक्रॉन.
पहिला काप फाटतो.
दुसरा अंग चोरून गुंडाळतो,
त्याला मी ब्रशच्या टोकाने उलगडतो
श्वास रोखून, कारण माझी वाफही त्याला पुरे.
काच. निळा. गुलाबी. झायलीनचा वास.
अकरा मिनिटं.

तीन वर्षांपूर्वी एकदा आम्ही हो म्हणालो होतो.
चार दिवसांनी पॅराफिनमधला काप नाही म्हणाला.
तोवर सगळं काढून झालं होतं.
तिचं नाव इथे लिहीत नाही.
पाठ आहे.

इंटरकॉम गुरगुरतो: "काय?"
डॉक्टर सेरवा डोळा उचलत नाहीत.
आणखी एक तुकडा मागतात. मग आणखी एक.
"पेशी दाटल्यात, पण कुठे घुसलेल्या दिसत नाहीत.
मध्ये बर्फाने भोकं पाडलीत.
कॅन्सर आहे असं मी म्हणणार नाही,
नाही असंही म्हणणार नाही.
मला माहीत नाही, ओपोंग."

पलीकडे कुणाचा तरी चिमटा ट्रेमध्ये पडतो.
"बरं. मग जेवढं काढलंय तेवढंच.
बंद करतो."

उरलेली गाठ मी फॉर्मलिनमध्ये सोडतो.
पातं पुसतो. बोटं बधिर आहेत.

बाहेर बाकावर तिची मावशी,
मांडीवर पिशवी, पिशवीत सोललेली हिरवी संत्री.
पांढरा कोट बघून मलाच विचारते,
"झालं का?"
यापुढचं सांगणं माझं काम नाही.
"टाके घालतायत," एवढंच म्हणतो.

"शिवू दे नीट," मावशी म्हणते,
"पोरगी शिंपीण आहे,
उठली की आधी शिवण तपासेल."
आणि एक संत्रं माझ्या हातात ठेवते,
उन्हाने कोमट झालेलं.