शंभर किलो वाफ

झ्देन्का म्हणाली, "फुकट मिळतोय, लुडविक. घेऊ ना?"
बोगोमिरनं तर ट्रॅक्टरही ठरवून ठेवला होता.
पोस्तोय्नाच्या बंद पडलेल्या डेअरीतला बॉयलर,
हिरवा, तीन पुरुष लांब,
तासाला टनभर वाफ देणारा.
त्याच्या दाराच्या बिजागरीवर
माझ्या डाव्या तळहाताची कातडी असेल अजून.
एकतीस वर्षं मी त्याच्या पोटाशी बसून डबा खाल्ला.

नको, म्हणालो.

माल्टच्या रिकाम्या पोत्यावर हिशेब मांडला:
तुझा हंडा पाचशे लिटरचा.
पासष्टावरून शंभर अंशांवर न्यायला अर्धा तास धर,
मग सव्वा तास खदखदती उकळी,
पिंपं धुवायची, त्यात थोडं हातचं राखून
तासाला शंभर किलो वाफ. बस.
तो राक्षस आणलास
तर दोन मिनिटं पेटेल, पाच मिनिटं विझेल,
दिवसभर उचक्या देत राहील.
काम नसलेलं लोखंड किती लवकर गंजतं
ते मला नको सांगूस.

बोगोमिर रुसला.
भंगारवाल्याचा नंबर मीच दिला त्याला.
प्रेशरचं घड्याळ तेवढं काढून आणलं,
स्वयंपाकघरात लावलंय. काटा शून्यावर.

नवा आला सीमेपलीकडून, इटलीतून,
फ्रिजएवढा, फ्रिजसारखाच पांढरा.
मला आवडला नाही.
पण पाण्याची पातळी दाखवणारी काच आहे त्याला,
बोटाएवढी. काच असली की बोलता येतं.

आमच्या क्रासचं पाणी म्हणजे अर्धा दगडच.
पाऊस पडतो आणि जमिनीत बुडी मारतो,
खाली गुहांमध्ये थेंब थेंब खांब उभे करतो.
बोटभर वाढायला हजार वर्षं; लोक तिकीट काढून बघतात.
बॉयलर तेच काम एका हिवाळ्यात उरकतो,
झ्देन्का, आणि तिकीट तुझ्याकडून घेतो.

म्हणून सकाळी आधी ती काच बघ,
आरसा नंतर.
तळाचा व्हॉल्व्ह उघड, दहापर्यंत मोज,
गढूळ जाऊ दे.
मिठाचं पिंप रिकामं ठेवू नकोस.
महिन्यातून एकदा मुद्दाम पाणी खाली उतरव,
बघ, आपण होऊन विझतो का.
नाही विझला तर हाताने बंद कर, बियर विसर,
मला उठव, रात्रीचे तीन असले तरी.
आणि सेफ्टी व्हॉल्व्हला काही टांगायचं नाही.
डेअरीत यांकोनं एकदा त्याच्या दांडीवर
डब्याची पिशवी टांगली होती.
पुढचं सांगत नाही.

ती वहीत लिहीत होती. वर न बघता म्हणाली,
"यांको कसा होता?"
गायचा छान, म्हणालो.

फेब्रुवारीत बुर्या सुटला.
छपरांवर ठेवलेले दगडसुद्धा सरकले त्या वाऱ्यानं,
रस्ता बंद, मिठाची गाडी आलीच नाही.
पिंपं मात्र लग्नासाठी कबूल केलेली.
एप्रिलमध्ये झाकण उघडलं
तर नळ्यांवर पांढरी साय धरलेली, दगडाची.
नखानं टोकरलं,
अंड्याच्या टरफलाएवढा पोपडा सुटून आला.
"तीनदाच," ती म्हणाली. मग, "सहादा."
मी ओरडणार होतो. डेअरीत ओरडलो असतो.
तिनं तो पोपडा फेकला नाही,
हिशेबाच्या वहीवर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून.
दोन दिवस लिंबाच्या आम्लाचं पाणी फिरवलं नळ्यांतून,
फसफसत होतं, घरभर आंबूस वास.

आता गुरुवारी ती हंडा लावते
तेव्हा मी बाहेर बाकावर बसतो, काठी गुडघ्याशी.
बियर डॉक्टरनं बंद केलीय, वास कोण बंद करणार.
खिडकीतून स्टीम ट्रॅपचा आवाज येतो,
टक्, थांबून टक्,
वाफेतलं पाणी बाजूला काढणारं ते छोटं भांडं,
त्याची चाल मला पाठ आहे.

आज एक टक् उशिरा आली.
पुढची आलीच नाही.
मी काठी घेतली, उठलो,
तेवढ्यात आत फळीवरून पाना उचलल्याचा आवाज.

परत बसलो.