इतर

अल खोरच्या धक्क्यावरून
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जाळं उतरतं.
मासळीचं नव्हे; मलमलीहून बारीक विणीचं,
पाणी सुटून जातं
आणि तळच्या बरणीत उरतो चमचाभर गढूळ जीव.

होडी धरून इब्राहिम मिरकर. दाभोळचा.
तीस वर्षं झाली त्याला इथे.
"काय गावला?"
"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

मग सूक्ष्मदर्शक, चौकोन आखलेली काच,
बोटाखाली टिकटिक:
कोपेपॉड, कोपेपॉड, शिंपल्याचं पिल्लू,
फुटक्या बांगडीसारखा एक डायटम,
कोपेपॉड.
अकरा वर्षं.

यंदा दोह्याहून शेहलाबाई आल्या, सांख्यिकीच्या.
त्यांनी सगळे महिने पत्त्यांसारखे पिसले,
नऊशे नव्याण्णव वेळा.
"बघा, कसेही पिसले तरी
एवढी मोठी फट आपसूक पडत नाही."
पडद्यावर उभी लाल रेघ.
अलीकडे एक समुद्र, पलीकडे दुसरा.

मी तारीख वाचली.
त्याच महिन्यात कुट्टप्पन निवृत्त होऊन गावी गेले
आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले.

म्हणजे ती रेघ मीच?
त्यांच्या नजरेतून निसटलेले बारके मला दिसले असतील,
की त्यांना नावानिशी ठाऊक असलेले
मी 'इतर'च्या रकान्यात ढकलत आले?
रात्रभर एसीची घरघर
आणि मी स्वतःला वजा करून पाहते आहे.

शेवटी कपाट उघडलं.
डोळ्यांत झोंबणारं फॉर्मेलिन,
लेबलांवर कुट्टप्पनचं तिरकं अक्षर.
त्यांच्या काळातल्या चाळीस बरण्या
त्यांचे आकडे झाकून पुन्हा मोजल्या.

रेघ आखडली. निम्म्याहून जास्त माझीच निघाली.
पण उरली.
माझे डोळे वजा जाता, त्यांचा चष्मा वजा जाता
काहीतरी खरंच गेलं होतं या पाण्यातून.
किती, ते शेहलाबाई एका आकड्यात सांगत नाहीत,
'इथपासून इथपर्यंत' म्हणतात
आणि दोन बोटांत हवा धरून दाखवतात.

मंगळवारी मिरकरला सांगितलं.
तो जाळ्यावर बाहेरून पाणी मारत होता.
"पाण्याचा वास बदलला तेव्हाच कळलं होतं."
"तेव्हा म्हणजे कधी?"
त्यानं बोटांवर मोजलं, मधेच सोडून दिलं.
"सकीनाचं लग्न झालं ना, त्याच्या आगंमागं."

मी वहीत टिपून ठेवलं,
समासात, पेन्सिलीनं.