उभी ठेवायची वस्तू

इब्रीच्या सनायात, सकाळी साडेसहाला,
इंजिन गार आहे तोवर बॉनेट उघडायचं.
एक बोट पात्याला लावून झटका द्यायचा.
धड असलेला क्लच जरा अडतो,
पाऊण फेरी, फार तर एक, आणि थांबतो,
झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.
हा तीन-चार फेऱ्या गेला भिरभिरत.
हबभोवती तेलकट धुळीचं कडं.
अरबाब, म्हटलं, यानं हात सोडलाय.

पिकअप त्र्याण्णवची. दारावर अजून
कुण्या पाणीवाल्याचा पुसट फोन नंबर.
मागे गवताच्या पेंढ्या, दोन बकऱ्या.
धावते तोवर ठीक, खल्फान सांगतो,
सिग्नलला उभी राहिली की काटा चढतो.
मी हसलो. माझंही शुक्रवारी तसंच होतं.

बीजूने काउंटरवर माल मांडला.
तैवानचा क्लच, बारा रियाल.
कंपनीचा अडतीस, तोही मस्कतहून, रविवारी, बघू.
खल्फानचा मुलगा मोबाइल पुढे करत होता :
विजेचे दोन पंखे, बटण दाबलं की वारा.
अरे, अल्टरनेटर साठ अँपिअरचा,
त्यात रात्रीचे दिवे, एसी, वर हे दोघे,
म्हणजे अख्ख्या लग्नाच्या मांडवाला
शेजाऱ्याच्या मीटरवरून वीज ओढणं.

बारा रियालवर हात ठेवणार, एवढ्यात दिसलं
की फळीवर खोका आडवा होता.
किती दिवस? बीजूने धूळ पुसून तारीख वाचली.
दोन वर्षं.
हा क्लच उभा ठेवायचा असतो.
आडवा पडला की आतलं सिलिकॉन तेल
कुठल्याशा सीलमधून झिरपत जातं,
बाहेरून कळतही नाही.

गुल जमानच्या भंगारात गेलो.
दरवाजे, सीटा, सायलेन्सर, सगळा ढीग,
पण क्लच भिंतीशी, नमाजाच्या रांगेसारखे उभे.
खल्फानने एकेक बोटाने फिरवून पाहिला,
कलिंगड निवडावं तसा, कान लावून.
पाचवा अडला.
पंखा सात पात्यांचा, प्लास्टिकचा;
उन्हानं वाळून बुडाशी केसाएवढी चीर पडते,
म्हणून प्रत्येक पात्याच्या मुळाशी नख फिरवलं.
नऊ रियाल. गुल जमानने चहा पाजला, पैसे मोजले नाहीत.

पहिल्या स्टार्टला विमानासारखा घोंघावला.
मुलगा दोन पावलं मागे.
थांब, म्हटलं, तेल अजून जागेवर बसतंय.
मिनिटाभरात आवाज उतरला.
मग एसी लावून, शेहेचाळीस डिग्रीत,
पाऊण तास जागच्या जागी उभी केली गाडी.
काटा मध्याच्या खाली, कणभर.
खल्फानने माझ्या खांद्यावर हात ठेवला,
आणि बकऱ्यांना पाणी पाजायला गेला.

दुपारी एक ते चार खोलीवर.
वरच्या बंकवर आडवा झालो
आणि तो खोका आठवला.
तेवीस वर्षं होतील सफरमध्ये.
उठलो, भिंतीला पाठ लावून बसलो.
खालून नियाज म्हणाला, परकार, झोप येत नाही का?
तू झोप, म्हटलं.
चारला एक रेडिएटर धुवायचाय.