काटा

पंच्याहत्तर ग्रॅम साखर, पेलाभर पाणी,
लिंबू पिळलंत तरी चालेल, म्हणाली नर्स,
पाच मिनिटांत संपवायचं.
जयेंद्रगंजात त्या सकाळी धुकं इतकं
की समोरचं गजकवाल्याचं दुकान
नुसतं कानांनीच कळत होतं:
तीळ कुटणारा लाकडी हातोडा, धप्, धप्,
आणि आतून तू, त्याला उत्तर देत.

दोन तासांनी आकडा आला. एकशे अडुसष्ट.
मराठीत वाचून पाहिला, हिंदीत वाचून पाहिला.
तेवढाच.

निगम मॅडमनी कागदावर दोन रकाने आखले.
डावीकडे बाजरी, मेथी, मूठभर शेंगदाणे.
उजवीकडे ते सगळं, ज्याचे मला डोहाळे लागले होते.
"आपने कुछ ग़लत नहीं किया," त्या आपणहून म्हणाल्या,
म्हणजे कुणीतरी विचारणार, हे नक्की होतं.

विचारलंच.
भदौरिया भाभींनी: इतनी दुबली, फिर कैसे?
आईने, फोनवर: आपल्यात तर कुणालाच नाही गं.
मिलिंदने काही विचारलं नाही.
बेसनाचे लाडू ऑफिसात नेऊन वाटून आला
आणि रिकामा डबा घासून
ओट्यावर पालथा घातला.
त्या डब्याकडे बघून मी रडले, लाडवांसाठी नव्हे,
किंवा असेन, लाडवांसाठीसुद्धा.

आता घरात काटेच काटे.
पिठाचा गोळा तोलणारा,
जेवणानंतरचे दोन तास सरकवणारा,
आणि बोटाच्या कडेला टोचायचा तो बारीक,
ज्याला काटा म्हणत नाहीत.
दहा बोटं, दिवसाला चार वेळा.
करंगळी सगळ्यांत भित्री. तिला मी वगळते.

आणि गच्चीच्या दाराशी कुमुदकाकू,
तीन रात्री शेगडीपुढे,
परातीत खसखस, वरून चमचा चमचा पाक,
बोटांनी फिरवत, फिरवत.
थंडी कडक असली की हलव्याला काटा छान फुटतो म्हणे.
माझी लग्नानंतरची पहिली संक्रांत.
काकू, यंदा राहू द्या ना, साखर नुसती…
"तुला खायला कोण देतंय? अंगावर घालायला करतेय."

काळी साडी. बिंदी, तन्मणी, बाजूबंद,
कंबरपट्ट्याला ऐन वेळी जोडलेली वीतभर दोरी.
पाव किलो साखर ल्याले मी,
आणि जिभेवर एक कण नाही.
बायका हातावर तिळगूळ ठेवत, गोड बोल म्हणत,
मी गोड बोलत होते,
वड्या पदराच्या गाठीत जमवत होते.
"अरे, एक से क्या होता है," भाभी म्हणाल्या.
काकूंनी चाळीस वर्षं नया बाजारात लोकर विकलेली:
"हिसाब एक से ही बिगड़ता है, भाभी."

जेवणानंतर गच्चीत फेऱ्या.
दागिने तसेच, वरून मिलिंदचा स्वेटर,
चालताना हलवा हलवावर घासून करकरत होता.
दूर किल्ल्यावरचे दिवे धुक्यात पुसट.
काकूंनी हात धरला, आणि मला त्यांची बोटं लागली:
गुळगुळीत, ताठ, रेषाच नाहीत.
बँकेतलं यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही,
दर वेळी सही मागतात.
मोबाइलच्या उजेडात त्यांनी माझी बोटं उलटी केली,
ठिपके मोजल्यासारखी पाहिली,
आणि स्वेटरच्या खिशात ठेवून दिली, दोन्ही हातांसकट.

एकशे अठरा.
"पास?"
आजच्यापुरती.

झोपताना दागिने खुंटीला टांगले.
पहाटे पाहते तर, एवढ्या थंडीत कुठून आल्या,
मुंग्यांची एक रांग भिंतीवरून तन्मण्यापर्यंत,
एक एक काटा सुटा करून नेणारी.
मी झटकल्या नाहीत.
उपाशीपोटीचा आकडा घ्यायचा होता.
तू उजवीकडे कूस बदललीस.
मी करंगळी पुढे केली.