छाट

रात्री दोनला शेवटचा ड्रम थांबला
आणि होम मैदानावर
मागे राहिलेलं सगळं एकदम ऐकू यायला लागलं.
द्रोण मातीवरनं सरपटत होते,
रिकाम्या बाटल्या थंडीनं आपसूक कडकडत होत्या,
चिवड्याची पाकिटं वाऱ्याबरोबर उठून
तलावाकडं निघाली होती,
तिकडं घर असल्यासारखी.

मी ग्लासांचा माणूस.
चार हजार, स्टीलचे, बुडाशी नंबर कोरलेले.
वीस रुपये अनामत. ग्लास परत, पैसे परत.
योजना माझीच. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या होत्या.
तिसऱ्या रात्री मोजले तर सहाशे ऐंशी कमी.
वीस रुपयांत स्टीलचा ग्लास!
सोलापूरचा हिशेब बरोबर होता,
चुकला होता तो माझा.

पहाटे टेम्पोतून बायका उतरल्या,
विडी घरकुलातल्या, सोळाजणी.
मी दिलेले हातमोजे
राजमणी येमूलनं पाच मिनिटांत काढून कमरेला खोचले.
'ह्याच्यातनं बोटांना दिसत नाही ओ सार.'

मी तिला रंग समजावले,
हिरव्यात ओला, निळ्यात सुका, लाल घातक.
पाहुण्यांच्या पोरानं म्हटलेले पाढे ऐकावेत
तसं तिनं ते ऐकून घेतलं.
मग ढिगापुढं मांडी घालून बसली,
मांडीवर सूप असल्यासारखी,
आणि हात सुटले.

तीस वर्षं विड्या वळल्या तिनं.
रोज हजार.
संध्याकाळी कारखान्यात चेकर मूठभर उचलायचा,
ही सैल, ही बारीक, हिचं पान फाटकं,
आणि शंभरेक बाजूला.
तिला छाट म्हणतात. तिचे पैसे नाहीत.
'फेकायचा नाही ओ तो. तीपण विकायचाच.'
एवढंच म्हणाली. हात थांबले नाहीत.

आता ती छाटत होती
अख्ख्या शहराच्या तीन रात्री.
अर्धी कडक भाकरी ओल्यात.
शेंगाचटणीची पुडी सुक्यात, पण आधी झटकून.
एका पायाची मोजडी.
प्रवेशाचे कागदी पट्टे,
मनगटं निघून गेली तरी अजून गोल.
आणि कानाचं एक मशीन, शेंगदाण्याएवढं,
चालू.
रात्रभर ढिगाच्या पोटात
ढिगाचंच ऐकत पडलेलं.
पदरानं पुसून तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं.
'हे कशात टाकायचं, सार?'
मला त्याचा रंग माहीत नव्हता.

मग एक थोटूक सापडलं.
दिव्याकडं धरून तिनं दोरा बघितला. गुलाबी.
'आमचाच कारखाना की!'
मागं वळून तेलुगूत काहीतरी बोलली,
बाकीच्या पंधराजणी खो-खो हसल्या.
काय बोलली ते मी विचारलं नाही.
विडी लाल डब्यात गेली.

ऊन चढलं तसे ग्लास मोजायलाही तीच बसली,
पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधल्यासारखे रचत,
ओठांतल्या ओठांत आकडे.
ढिगाखालचे एक्केचाळीस निघाले.
एक पार चेपलेला होता, तो मी बाजूला ठेवला.
तिनं उचलला,
आत अंगठा घालून पोचा काढला,
नीट नाही निघाला,
तरी कट्ट्यात ठेवला.
'हा पाणी धरतो ना, सार? मग?'

मजुरीच्या कागदावर सही करण्याआधी
तिनं तो दोनदा वाचला.
टेम्पो गेला.
माझ्या खिशात ते मशीन
बारीक शिट्टी वाजवत होतं.
तोवर चार-पाच द्रोण तलावात पोचले होते,
काठापासून थोडेसेच आत.
मी काठी लांबवून बघितली.
ते हळूहळू सरकत होते,
माझ्याकडं नाही.